गिरण्या कोणी बुडवल्या? नेता, सत्ता आणि प्रतिनिधी निवडण्याचा हक्क

दर वर्षी १८ जानेवारी जवळ आली की गिरणी संपाची आठवण निघते आणि तोच जुना वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते, डॉ. दत्ता सामंत नावाच्या एका हट्टी माणसाने मुंबईचा कापडधंदा बुडवला. दुसरी बाजू म्हणते, सामंत देवमाणूस होते, त्यांना दगा झाला. आम्ही लहानपणापासून हे दोन्ही ऐकत आलो आहोत. आमच्या चाळीत दोन्ही मतांची माणसे एकाच नळावर पाणी भरत आणि त्याच नळावर भांडत.

वरवर पाहता ही दोन टोके आहेत. पण दोघांचा पाया एकच आहे. एका माणसाने धंदा बुडवला किंवा एक माणूस धंदा तारणार होता, असे दोघेही मानतात. राष्ट्राच्या बाबतीतही आपण असेच बोलतो. अमुक नेता होता म्हणून देश घडला, तमुक नेता आला म्हणून देश बिघडला. इतिहास म्हणजे जणू मोठ्या माणसांच्या स्वभावाची गोष्ट!

नेतृत्वाला महत्त्व नाही, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या माणसाने तसे म्हणणे हा कृतघ्नपणा ठरेल. आमचा मुद्दा वेगळा आहे. नेता कसा होता हे विचारण्याआधी, त्याला नेमले कोणी आणि काढू कोण शकत होते, हे विचारले पाहिजे. गिरणीचे काय झाले आणि आपल्या लोकशाहीचे काय होते आहे, याची उत्तरे याच प्रश्नाजवळ सापडतात.

१९३८ चा काळा कायदा

संपाची गोष्ट बहुतेक लोक १९८१ च्या दिवाळी बोनसपासून सांगतात. ती किमान १९३८ पासून सांगायला हवी.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. सप्टेंबर १९३८ मध्ये या सरकारने औद्योगिक कलह विधेयक विधिमंडळात आणले. कामगार आणि मालक यांच्यात तंटा झाला तर आधी सरकारी पद्धतीने तडजोडीची बोलणी करायची, त्याआधी संप केला तर तो बेकायदा, आणि बेकायदा संपाला शिक्षा, असा त्याचा गाभा होता. त्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती. ज्या संघटनेला मालकाची मान्यता आहे, तिच्यासाठी नोंदणीची वाट सोपी ठेवलेली होती. म्हणजे मालकाने ज्याला पसंत करायचे, त्याला कामगारांचा प्रतिनिधी व्हायला कमी कष्ट!

बाबासाहेब तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विधिमंडळात होते. त्यांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला. त्यांचा युक्तिवाद कायदेपंडिताचा होता आणि तितकाच साधा होता. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग आहे, तो गुन्हा होऊ शकत नाही. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे गुलामी. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगारी केलेल्या समाजातून आलेल्या माणसाला हे पुस्तकात वाचावे लागले नव्हते.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट या संपात एकत्र होते. ज्यांचे एरवी एकमेकांशी पटत नव्हते, ते 'कामगाराच्या वतीने बोलायचे कोणी' या प्रश्नावर एका व्यासपीठावर आले. तरीही विधेयक बहुमताने मंजूर झाले आणि त्याचा कायदा झाला.

सही दुसऱ्याची, बंधन सगळ्यांवर

पुढे १९४६ मध्ये याच वाटेवर आणखी एक पाऊल पडले. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम आला. एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना असेल, वाटाघाटी तीच करेल, आणि तिने केलेला करार सगळ्या कामगारांवर बंधनकारक राहील, अशी व्यवस्था झाली. मुंबईच्या कापड गिरण्यांत ही जागा काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली. मान्यतेचा आधार होता सभासदांची नोंदवही. गुप्त मतदान घेऊन 'तुमचा प्रतिनिधी कोण' असे कामगाराला विचारण्याची सोय त्यात नव्हती.

कागदावर ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. मालकाला एकाशीच बोलावे लागते, धंद्यात शांतता राहते. पण कामगाराचा विश्वास उडाला तर त्याने काय करायचे? नोंदवही संघटनेच्या कपाटात, तपासणी सरकारी कार्यालयात, आणि संघटना सत्ताधारी पक्षाची.

याचा परिणाम लवकरच दिसला. १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला. दोन लाखांच्या वर कामगार बाहेर होते. गिरण्या बंद पडल्या, पण संप करणाऱ्या संघटनेशी बोलायला कायद्याने कोणी बांधील नव्हते. संप फसला. कामगार एकाच्या मागे उभे आणि कायदा दुसऱ्याच्या मागे उभा, हे चित्र १९८२ च्या बत्तीस वर्षे आधीच दिसले होते. कोणत्याही सरकारने त्यातून धडा घेतला नाही.

१९८१ च्या दिवाळीत मान्यताप्राप्त संघाने केलेला बोनसचा करार कामगारांना पटला नाही. काही गिरण्यांचे कामगार थेट घाटकोपरला डॉ. सामंतांच्या दारात गेले. सामंतांनी गिरणी कामगारांना शोधले नाही, कामगारांनी सामंतांना शोधले, हे विसरता कामा नये. १८ जानेवारी १९८२ पासून साठहून अधिक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे, या मागण्या होत्याच. त्यांच्या जोडीला १९४६ चा कायदा रद्द करा, ही मागणी होती. ती पगाराची नव्हती, सत्तेची होती. म्हणूनच मालक आणि सरकार पगारावर एक वेळ बोलले असते, पण या मागणीवर हलायला तयार नव्हते. गिरणीत ही सवलत दिली तर उद्या बाकीच्या उद्योगांतही कामगार आपला प्रतिनिधी आपण निवडू म्हणतील, ही भीती होती.

संप कधीही अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. कोणी गावी गेले, कोणी भाजीची गाडी लावली, घराघरात भांडी आणि मंगळसूत्रे विकली गेली. सामंतांच्या चुका झाल्या नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. माघार कधी घ्यायची हे त्यांना ठरवता आले नाही, आणि त्याची किंमत कामगारांच्या बायकामुलांनी मोजली. पण ज्या नेत्याला कायद्याने टेबलाशी बसायलाच जागा नाही, त्याच्या हातात ताणण्याशिवाय दुसरे हत्यार तरी कोणते उरते? बोलणी करण्याचा अधिकार असलेला नेता थोडे घेऊन थोडे सोडू शकतो. दाराबाहेर उभ्या केलेल्या नेत्याला फक्त दार ठोठावता येते.

आणि आता या साऱ्या गोष्टीतला सर्वात बोलका भाग. डिसेंबर १९८४ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती. त्या लाटेत मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून, म्हणजे गिरणगावातून, दत्ता सामंत निवडून आले. जो कामगार सामंतांना देशाच्या संसदेत पाठवू शकत होता, तोच कामगार त्यांना आपल्या गिरणीच्या कचेरीत आपल्या वतीने बसवू शकत नव्हता. राष्ट्रात मत होते, धंद्यात नव्हते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ज्या विसंगतीचा इशारा दिला होता, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ती विसंगती लालबाग-परळमध्ये अशी रोज भोंग्याबरोबर कामाला जात होती.

'पण गिरण्या तशाही बुडणारच होत्या'

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. यंत्रमागाने गिरणीला आधीच मागे टाकले होते, यंत्रे जुनी झाली होती, त्यामुळे प्रतिनिधी कोणीही असता तरी काय फरक पडला असता?

आक्षेपातली अर्धी गोष्ट खरी आहे. भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमाग वाढत होते, तिथे मजुरी कमी आणि कायद्याचा धाक नावापुरता होता. पण यंत्रे जुनी का राहिली? नफा कुठे गेला? गिरणीचा पैसा गिरणीत घालायचा की दुसऱ्या धंद्यात वळवायचा, हे ठरवणाऱ्या बैठकीत कामगार कधीच नव्हता. पुढे गिरणीच्या कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली, तेव्हा तर मालकाला गिरणी चालू ठेवण्यात रसच उरला नाही.

१९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरणीचे बांधकाम ज्यावर उभे होते ती जमीन वाटणीतून निसटली. एका दुरुस्तीने शहराच्या आणि कामगाराच्या वाट्याची कितीतरी जमीन गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. या सगळ्या व्यवहारांत कामगारांच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाचा? त्याच मान्यताप्राप्त संघाचा.

म्हणजे धंदा बुडणार असेल तरीही, बुडताना कोणाला होडी मिळेल आणि कोण पाण्यात राहील, हे प्रतिनिधित्वानेच ठरले. आज त्या जागी मॉल आणि काचेच्या इमारती आहेत. गिरणी कामगार अजून घराच्या सोडतीची वाट पाहतो आहे.

धोटा, सूत आणि विटाळ

इथपर्यंत वाचून आपले डावे मित्र खूश होतील. पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच राहते.

कामगारांनी स्वतःच्या मताने संघटना निवडली असती तर सगळ्या कामगारांना न्याय मिळाला असता का? मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार चांगला होता. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातले सूत संपले की नवे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत. नियम मालकाने लिहिलेला नव्हता. तो कामगारांनी आपल्या घरातून, गावातून गिरणीत आणलेला होता.

१९२८ चा संप सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते, लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्यातून उभी राहिली. त्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी विचारले, तुमच्या मागण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाई खाते खुले करण्याची मागणी का नाही? ते विचारेपर्यंत क्रांतीच्या नेत्यांना तो प्रश्न दिसला नव्हता. मालकांनी तर हात झटकून सांगितले की ही बंदी आमची नाही, तुमच्या कामगारांचीच आहे. दुर्दैवाने ते खोटे बोलत नव्हते.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हा अनुभव होता. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात त्यांना अभिप्रेत नव्हती. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती त्यांना अभिप्रेत होती, आणि ती विणाई खात्यात ब्राह्मणेतर कामगाराच्या ओठावरही बसलेली होती.

म्हणून प्रतिनिधित्वाचा प्रश्न दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी: वरून नेमलेला प्रतिनिधी आपला नसतो. दुसरी पायरी: बहुमताने निवडलेला प्रतिनिधीही अल्पसंख्याकाचा असेलच असे नाही. गिरणीचा कायदा पहिल्या पायरीवर अडला. देशाची लोकशाही दुसऱ्या पायरीवर अडली आहे.

राष्ट्राच्या बाबतीत तेच

जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब सत्तावीस वर्षांचे होते. आपल्या बाजूची मते कोणीतरी मांडली म्हणजे प्रतिनिधित्व झाले, हे त्यांनी तेव्हाच नाकारले. प्रत्यक्ष आपली माणसे तिथे असली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. पुढे गोलमेज परिषदेत त्यांनी हीच भूमिका लढवली. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा आणि त्यांवर आपला माणूस आपल्याच मतांनी निवडण्याचा हक्क मिळाला. गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. जागा ७१ च्या १४८ झाल्या. निवडण्याचा हक्क मात्र संयुक्त मतदारसंघाकडे गेला. जागा दुपटीने वाढल्या आणि त्या जागांवर कोण बसणार हे ठरवणारे हात बदलले.

करारात आधी प्राथमिक फेरी होती, ज्यात फक्त अस्पृश्य मतदार उमेदवारांची यादी ठरवत. १९४५-४६ च्या निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार अनेक ठिकाणी या फेरीत पुढे राहिले आणि सर्वांच्या मतांच्या अंतिम फेरीत पडले. संविधान सभेत जाण्यासाठी बाबासाहेबांना मुंबई प्रांताची दारे बंद झाली आणि जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीने बंगालमधून जावे लागले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर ते काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. काजरोळकर वाईट माणूस होते का, हा प्रश्नच गैरलागू आहे. राखीव जागेवरच्या आमदाराला आपल्या वस्तीपेक्षा पक्षश्रेष्ठींचे तोंड का पाहावे लागते, हा प्रश्न आहे. गिरणीतल्या मान्यताप्राप्त संघाप्रमाणे तोही सही आपल्या वतीने करतो आणि उत्तर दुसऱ्याला देतो.

आणि आपल्या घरात?

इतरांना हे सगळे सुनावून लेख संपवता आला असता. पण आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथली एक गोष्ट सांगितल्याशिवाय तो पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी वस्तीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. बिल्डरच्या माणसाने आल्या आल्या विचारले, "तुमच्यात बोलायचं कोणाशी?" आठवडाभरात एक नाव पुढे आले. ते नाव वस्तीने बैठक घेऊन ठरवलेले नव्हते. तरी आम्ही गप्प राहिलो, कारण माणूस आपला होता, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असायचा, भाषण चांगले करायचा. दोन वर्षांनी एका आजींनी भर विहारात विचारले, "त्या कागदावर माझ्या नावापुढं अंगठा कुणी लावला?" उत्तर कोणाकडेच नव्हते. आमच्याकडेही नव्हते.

आपल्या चळवळीची फाटाफूट आपण नेत्यांच्या अहंकाराच्या खात्यावर टाकतो. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे गट पडू लागले. अहंकार होतेच. पण गटाचा अध्यक्ष कोण निवडतो, किती वर्षांसाठी, हिशेब कोणापुढे ठेवतो, त्याला काढायचे असेल तर कसे, या प्रश्नांची उत्तरे आपल्या किती संघटनांकडे आहेत? किती विहार समित्यांत गेल्या दहा वर्षांत खरीखुरी निवडणूक झाली? जर्मन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स याने १९११ मध्येच दाखवले होते की समतेची भाषा करणाऱ्या पक्षांतही सत्ता मूठभरांकडे साचत जाते. बाबासाहेबांनी १९४९ च्या त्याच भाषणात सांगितले की राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ते वाक्य आपण फलकावर लावतो आणि फलकावर सर्वात मोठा फोटो स्थानिक अध्यक्षाचा छापतो.

त्याच भाषणात त्यांनी आठवण दिली होती की लोकशाही या देशाला परकी नाही. भिक्खू संघात ठराव मांडण्याचे, गणपूर्तीचे, मतमोजणीचे नियम होते. मतासाठी लाकडी शलाका वाटल्या जात आणि त्या गोळा करायला संघ एका भिक्खूला नेमत असे. बुद्धाइतका मोठा नेता समोर असताना संघाने शलाका मोजण्याची रीत ठेवली. यापुढे आपल्या कोणत्या अध्यक्षाला 'मला निवडणुकीची गरज नाही' असे म्हणण्याचा अधिकार उरतो?

औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये ५१ टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव हक्क दिला आहे. म्हणजे नोंदवहीचा प्रश्न पुन्हा आपल्या दारात आला आहे. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, सामान पोचवणारी पोरे, यांत आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या वतीने कोण बोलणार, आणि त्याला कोण नेमणार, हे आज विचारले नाही तर उद्याही कोणीतरी सही करून मोकळा होईल.

आमच्या वस्तीत आता बैठकीला हजेरीचे पुस्तक असते, बाया पुढे बसतात आणि दर दोन वर्षांनी चिठ्ठ्या टाकून समिती निवडली जाते. पहिल्या निवडणुकीत चिठ्ठ्या मोजायला आम्ही त्या आजींनाच बसवले होते. त्यांना वाचता येत नाही, म्हणून उमेदवारांना चिन्हे दिली होती. त्यांनी प्रत्येक चिठ्ठी दोनदा उलटून पाहिली आणि मगच बाजूला ठेवली. मोजायला दीड तास लागला. कोणी घाई केली नाही.